ड्रॉइंगमध्ये नसलेला खिसा

आमच्या कारखान्यातून बाहेर पडणारी गाडी दोनच रंगांची असते. हिरवी असली तर आपल्या फौजेची. ती रेल्वेच्या सपाट डब्यावर ताडपत्री पांघरून उत्तरेच्या बेटांवर नाहीतर पूर्वेच्या समुद्रकाठी जाते आणि तिथं आभाळाकडे तोंड करून उभी राहते. वाळूच्या रंगाची असली तर परदेशी गिऱ्हाइकाची, ती बंदरावर जाते. रंग कुठलाही असो, पाठीवर क्षेपणास्त्रांच्या चार नळ्या वाहणाऱ्या त्या धुडाला पहिल्यांदा रस्ता दाखवायचा तो प्रोखोर लुकिच वेदेर्निकोवनेच.

प्रोखोर चाचणीचा ड्रायव्हर. नळ्यांमध्ये क्षेपणास्त्रांच्या वजनाचं लोखंड भरायचं आणि तो डोलारा जंगलातल्या वाटेने, चिखलातून, चढउतारावरून, हिवाळ्यात बर्फावरून हिंडवून आणायचा, एवढंच त्याचं काम. परत आला की सांगायचा, डावीकडे ओढते, नाहीतर मागच्या चाकाशी काहीतरी कुरकुरतं. पाठीवरच्या नळीत काय असतं, ते आभाळात कुणाला कसं शोधतं, याची त्याला दमडीची माहिती नव्हती आणि हौसही नव्हती.

पण कामावर लागताना त्याच्याकडून एका कागदावर सही घेतली होती. सगळ्यांकडूनच घेतात. कारखान्याचं गुपित सांगणार नाही आणि देशाबाहेर जाणार नाही. गंमत बघा. वाळूच्या रंगाच्या गाड्या बघायला दक्षिणेकडचे पाहुणे येत, आत डोकं घालत, खाली पाठीवर झोपून टॉर्च मारत, फोटो काढत, आणि मग गाडीच घेऊन जात. तिचं चाक फिरवणारा मात्र सीमेपलीकडे गेला असता तर म्हणे देशाला धोका होता. आता याला काय म्हणायचं? प्रोखोर काहीच म्हणत नसे. त्याला जायचंच नव्हतं कुठे. नदीवर मासे धरावेत, रविवारी बायकोच्या थडग्यावरचं गवत काढावं, बास.

त्याची एकच खोड होती. तरुणपणी एकदा घाटात बर्फावरून गाडी घसरली होती आणि दरीच्या तोंडाशी येऊन थांबली होती. त्या दिवशी त्याच्या टोपीत आईने दिलेला निकोलाचा कागदी फोटो होता. संत निकोला वाटसरूंचा. आमच्याकडे ड्रायव्हर म्हटला की त्याच्या डोक्यावर निकोला असणारच. तेव्हापासून प्रोखोर पुलाजवळच्या देवळातून, मेणबत्त्या विकणाऱ्या म्हातारीकडून, ते बोटभर फोटो गठ्ठ्याने आणायचा आणि चाचणी झालेल्या प्रत्येक गाडीत ऊन अडवायच्या झडपेमागे एक सरकवायचा. मग गाडी कुठे का जाईना.

केबिनमधल्या सीटा आणि झडपांची गादी शिवायची नूरिया हम्झोव्नाने. ती रुळांपलीकडच्या तातार मुसलमानांच्या आळीतली, विधवा, हाताने जितकी सफाईदार तितकीच जिभेने तिखट. चाचणीनंतर शेवटचे टाके घालताना झडपेवर हात टाकला की निकोला तिच्या मांडीवर पडायचा. पहिल्या वेळी तिने प्रोखोरला बोलावून चांगलं फैलावर घेतलं की तुझा हा दाढीवाला म्हातारा दर वेळी माझ्या मांडीवर काय म्हणून येतो, मी बाईमाणूस आहे. प्रोखोर कानापर्यंत लाल झाला. पण दुसऱ्या दिवशी बघतो तर झडपेच्या मागच्या बाजूला तिने बोटभर खिसा शिवलेला, आतल्या अंगाला, सहज दिसणारही नाही असा. विचारलं तर म्हणाली, पडून पायदळी आला तर पाप मला लागेल, म्हणून शिवलाय, तुझ्यासाठी नाही. त्यानंतर हे असंच चालत राहिलं. तो फोटो ठेवायचा, ती खिसा शिवायची. प्रोखोरच्या पोरीला, अग्नियाला, शाळेचं दप्तर नूरियाने सीटांच्या उरलेल्या कापडातून शिवून दिलं होतं. ते फाटता फाटलं नाही.

वाळूच्या रंगाच्या गाड्या सुरू झाल्या तेव्हा नूरियाने त्याला सांगितलं होतं, लुकिच, आपल्या गाड्यांत ठीक आहे, परक्यांच्या गाडीत हे लाड नकोत. तिकडचे लोक खिळा न् खिळा मोजून घेतात. तर हा म्हणतो कसा, जिला सगळ्यात लांब जायचंय तिलाच निकोला नको होय? हट्टाला पेटला. नूरियाने कपाळावर हात मारला आणि खिसा शिवला.

अग्निया मोठी झाली, समुद्रकाठी सुट्टीला गेली, तिथं एका बल्गेरियन मुलाच्या प्रेमात पडली आणि त्याच्या देशात, बुर्गासला नांदायला गेली. जावई स्तोयान चांगला होता. वर्षातून एकदा ती यायची, बापाचे शर्ट धुऊन, लोणच्याच्या बरण्या भरून जायची. मग एका वर्षी आलीच नाही. दोन्ही किडन्या गेल्या होत्या. एक दिवसाआड रक्त धुवायला यंत्राला जोडून घ्यावं लागायचं, घोटभर पाणीही मोजून. रेल्वेत, विमानात बसण्याची ताकद नव्हती. तिकडच्या डॉक्टरांनी किडनी बसवायचं ठरवलं. स्तोयानची जुळली नाही. प्रोखोरने इथल्या दवाखान्यात रक्त देऊन तपासण्या करून घेतल्या, कागद तिकडे पाठवले. त्याची जुळली.

आता माणूस एकोणसाठीचा, धडधाकट, पोरीला किडनी द्यायला एका पायावर तयार. आणि जाऊ शकत नाही. सही केलेली ना.

कारखान्यातली गुपितं सांभाळणाऱ्या खात्याला आमच्याकडे पहिला विभाग म्हणतात. तिथला प्रमुख झोतोव. फौजेतून निवृत्त झालेला, कोरडा, पण माणूस वाईट नाही. त्याने प्रोखोरचा अर्ज वाचला, चष्मा काढून पुसला. म्हणाला, एका फेरीची परवानगी मिळू शकते, तुझ्या डोक्यात गुपित असं काही नाही एवढं समितीला पटलं पाहिजे. समितीने प्रोखोरला बोलावून विचारलं, या यंत्रणेबद्दल तुम्हाला काय काय माहीत आहे? तो बराच वेळ विचार करून म्हणाला, बर्फावर ब्रेक हळू दाबावा लागतो. समितीला पटलं. झोतोवने कागदावर आपलं मत चांगलं लिहिलं. फक्त शेवटची सही राहिली होती, आणि ती दक्षिणेचे पाहुणे माल ताब्यात घेऊन गेल्यावर होणार होती. तोवर तुझ्या नावावर डाग पडू देऊ नकोस, एवढंच त्याने बजावलं. तिकडे अग्नियाचे हात सुयांनी काळेनिळे झाले होते आणि डॉक्टर म्हणत होते, उन्हाळ्यापर्यंत वाट बघता येणार नाही.

पाहुणे आले. त्यांच्यात एक कर्नल होता, बारीक मिशांचा, अगदी शांत. तो गाडीत चढला, सीट पुढेमागे केली, झडप खाली घेतली, आणि त्याच्या बोटाला काहीतरी लागलं. त्याने ड्रॉइंग मागवलं. ड्रॉइंगमध्ये झडप होती, गादी होती, टाकेसुद्धा दाखवले होते. खिसा नव्हता.

बाहेरच्या माणसाला हे कळणार नाही. हत्यारांच्या कारखान्यात ड्रॉइंगमध्ये नसलेला खिसा म्हणजे घरात शिरलेला साप. कुणी शिवला, कशासाठी, आत काय लपवलंय, गाडी कुठे उभी आहे हे कुणाला कळवणारं काही आहे का? कर्नलने चिमट्याने निकोलाला बाहेर काढलं आणि पांढऱ्या कापडावर ठेवलं. सगळे त्या दाढीवाल्याकडे बघत उभे. मग बाकीच्या वाळूच्या गाड्या उघडल्या, प्रत्येकीत तो होताच. माल ताब्यात घेणं थांबलं. संचालकाचा चेहरा चुन्यासारखा झाला. प्रोखोर फाटकापाशी उभा होता, त्याला कुणीतरी सांगितलं तेव्हा तो तिथंच बर्फाच्या ढिगावर बसला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

संध्याकाळी झोतोवच्या खोलीत केबिनवर काम करणाऱ्यांना बोलावलं. खिसा कुणाचा हे विचारायची गरजच नव्हती, असे टाके कारखान्यात एकच बाई घालते. प्रश्न होता फोटोचा. ज्याचा फोटो त्याने परदेशी मालात परवानगीशिवाय वस्तू घातली, आणि असल्या माणसाच्या परवानगीच्या कागदावर कोण सही करणार? प्रोखोर खुर्चीच्या कडेला बसला होता. त्याच्या डोळ्यांपुढे अग्नियाचे ते हात होते.

नूरिया उभी राहिली.

"फोटो माझे आहेत," ती म्हणाली.

झोतोवने मान वर केली. "नूरिया हम्झोव्ना, तुम्ही मशिदीत जाता. तुमच्या सासूबाई आळीतल्या बायकांना कुराण शिकवतात. आणि निकोला तुमचा?"

"मग काय झालं? रस्ता काय तुमच्यासाठी वेगळा आणि आमच्यासाठी वेगळा निसरडा असतो?"

"बरं. तुमचाच असेल तर सांगा, त्याचा कुठला हात वर आहे?"

"उजवा. डाव्या हातात पुस्तक. दाढी आखूड, पांढरी. आणि डोकं वरून गेलेलं, तुमच्यासारखं."

कुणीतरी खोकल्यात हसू दडवलं. झोतोव हसला नाही. त्याने नूरियाकडे बघितलं, मग बराच वेळ प्रोखोरकडे बघितलं. ही बाई खोटं बोलतेय हे त्या खोलीतल्या खुर्चीलासुद्धा कळत होतं. प्रोखोरने नजर खाली वळवली. तो गप्प बसला. झोतोवने पेन उचललं आणि नूरियाने सांगितलं तसंच लिहून घेतलं.

कर्नलला समजावून सांगितलं तेव्हा त्याला फारसं नवल वाटलं नाही, आमच्याकडेही ड्रायव्हर काहीबाही टांगतात म्हणाला. पण गाडी ड्रॉइंगप्रमाणेच हवी. नूरियाने स्वतःच्या हाताने वाळूच्या सगळ्या गाड्यांतले टाके उसवले. हिरव्या गाड्यांचं काय, असं संचालकाने विचारलं, तर झोतोव म्हणाला की बेटांवर जाऊन खिसे उसवायला माझ्याकडे माणसं नाहीत, राहू द्या. त्यामुळे तिथं निकोला अजून आहे.

नूरियाला केबिनमधून काढून ताडपत्रीच्या शेडमध्ये टाकलं. तिथं भिंतीतून वारा येतो आणि जाड सुईने बोटं सोलून निघतात. पण ते तिने सोसलं असतं. आमच्या कारखान्यात शिक्षेचा कागद फाटकाशी फळ्यावर लावतात, येणाराजाणारा वाचतो. त्यावर लिहिलं होतं, 'स्वतःच्या श्रद्धेचं धार्मिक चित्र मालात ठेवल्याबद्दल.' दुसऱ्या दिवशी रुळांपलीकडे ते पोचलं. सासू गुलसुम, नव्वदीला आलेली, आळीत सगळे तिला एबी म्हणजे आजी म्हणतात, तिने सुनेच्या हातचं खाणं बंद केलं. ताट नुसतं बाजूला सारलं. आळीतल्या बायका कुराण वाचून एकत्र जेवायला बसतात, त्याला आश म्हणतात. त्या आशला नूरियाला बोलावणं येईना. नळावर कुणी विचारायचं, आपा, बाप्तिस्मा कधी घेतलास गं? आम्हाला कळवायचंस, मिठाई घेऊन आलो असतो. तिखट जिभेची नूरिया बादली उचलून मुकाट घरी यायची.

प्रोखोरला हे सगळं कळत होतं. तो शेडमध्ये जाऊन तिला म्हणाला, मी झोतोवला सांगून टाकतो. तिने सुई ताडपत्रीत खुपसली आणि सांगितलं, आधी पोरीला उठव, मग काय खरेपणा करायचा तो कर. सही झाली. पासपोर्ट एका फेरीपुरता हातात आला.

निघायच्या दिवशी शेजारचं म्हातारं जोडपं आलं आणि नूरियाही आली, रुमालात बटाटा-मटणाच्या तिकोनी कचोऱ्या बांधून. लांब निघताना आम्ही सगळे क्षणभर बसतो, जाणाराही आणि पोचवणाराही, आणि त्या बसण्यात बोलायचं नसतं. प्रोखोर ट्रंकेवर बसला, नूरिया समोर स्टुलावर. तिच्या बोटांना चिंध्या बांधलेल्या होत्या. प्रोखोरच्या ओठांवर शब्द आला होता, पण बोलायचं नव्हतं. बसलेल्यांत जो वयाने लहान, उठायचं त्याने सांगायचं. नूरियाच लहान होती.

"चल, ऊठ," ती म्हणाली. "देवाचं नाव घे. कुठल्या ते तुझं तू बघ."

ऑपरेशन झालं. त्याबद्दल प्रोखोर एवढंच सांगतो की दुखलं, पण दात काढताना याहून जास्त दुखलं होतं. खरं की खोटं त्यालाच माहीत. काही दिवसांनी स्तोयान त्याला धरून अग्नियाच्या खोलीत घेऊन गेला. तिच्या गालांवर रंग आला होता. तिने खाटेशेजारचा मोठा पेला उचलला, काठोकाठ भरलेला, आणि सगळं पाणी न थांबता प्याली. कित्येक महिन्यांत ती अशी प्याली नव्हती. प्रोखोर तोंडावर हात धरून रडला. लाज वाटली नाही त्याला.

मग पोरगी विचारायला लागली. तुम्हाला सोडलं कसं? त्याने सांगितलं, दिलं सोडून. आणि नूरिया आपा कशी आहे? ते दप्तर अजून आहे माझ्याकडे, त्यात आता औषधं ठेवते. प्रोखोर खिडकीबाहेर बघत म्हणाला, आहे, बरी आहे. निघताना ती गळ्यात पडून म्हणाली, द्राक्षं पिकली की परत या बाबा, अंगणात वेल आहे, सावलीत बसून राहा नुसते. तो हो म्हणाला. पुन्हा यायचं तर पुन्हा समिती, पुन्हा झोतोवची सही. नावावर डाग नसेल तर मिळेलही. त्याने फक्त गप्प बसायचं होतं, आजवर बसला तसंच. सगळा परतीचा प्रवास तो हीच एक गोष्ट मनात घोळवत होता, आणि टाक्यांची जागा ठणकत होती.

स्टेशनवर उतरला तो घरी गेलाच नाही. पिशवी खांद्याला, एका हाताने कूस धरून, रूळ ओलांडून तातार आळीत शिरला. गुलसुम एबीकडे त्या दिवशी आश होती. दारात बायकांच्या चपलांची रांग, आतून वाफाळत्या रश्श्याचा वास. नूरिया आपल्याच घरात मागच्या खोलीत भांडी घासत होती, पंगतीत नव्हती. प्रोखोरने टोपी काढली आणि उंबऱ्यापाशी उभा राहिला. परका पुरुष असा दारात बघून बायकांनी डोक्यावरचे रुमाल पुढे ओढले.

"एबी," तो म्हणाला, "मी कारखान्यातला ड्रायव्हर प्रोखोर. ते निकोलाचे फोटो माझे होते. प्रत्येक गाडीत मीच ठेवत होतो. नूरियाने मला ठेवू नकोस म्हणून सांगितलं होतं, मीच ऐकलं नाही. माझं नाव पुढे आलं असतं तर मला पोरीकडे जाऊ दिलं नसतं आणि पोरगी मेली असती. म्हणून नूरिया फोटो आपले आहेत असं म्हणाली. आणि मी समोर बसून गप्प राहिलो."

म्हातारी त्याच्याकडे बघत राहिली. मागच्या दारातून नूरिया बाहेर आली, कोपरापर्यंत साबण, डोळे लाल.

"अरे मेल्या," ती म्हणाली, "आयुष्यभर कारखान्याचं सगळं पोटात ठेवलंस, आणि माझं हे एवढंसं ठेवता आलं नाही? एक किडनी काढून आलास, जागासुद्धा झाली होती."

म्हातारीने हाताने खूण करून तिला गप्प केलं. मग शेजारच्या बाईला सरकायला सांगितलं, ताट उचललं आणि सुनेपुढे धरलं. "वाढ," म्हणाली. एवढंच. नूरियाने ओल्या हातांनीच रस्सा वाढला आणि म्हातारीने सगळ्यांदेखत पहिला घास खाल्ला.

या आळीत बोललेलं सकाळपर्यंत फाटकाशी पोचतं हे प्रोखोरला ठाऊक होतं. दुसऱ्या दिवशी बोलावणं येण्याआधीच तो पहिल्या विभागात गेला आणि पासपोर्ट झोतोवच्या टेबलावर ठेवला. झोतोवने तो तिजोरीत टाकला. म्हणाला, तू मूर्ख आहेस वेदेर्निकोव, आता मी असेपर्यंत तरी हा बाहेर निघणार नाही. मला तेव्हाही माहीत होतं, मी लिहून घेतलं ते तिने सांगितलं म्हणून. नूरियाला महिन्याभरात केबिनमध्ये परत घेतलं. प्रोखोरला चाचणीवरून काढून पाव पोचवायच्या गाडीवर टाकलं. एका किडनीच्या माणसाला तसं ते बरंच म्हणायचं.

पासपोर्ट दिला त्याच संध्याकाळी नूरिया कचोऱ्या घेऊन त्याच्या दारात आली. तिला पासपोर्टाचं कळलं होतं. तिने कचोऱ्या ताटलीत काढल्या. मग म्हणाली, "द्राक्षं पिकतील तिकडे. पोरगी वाट बघेल. आता तिला कधी बघशील तू?"

प्रोखोर भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होता.

"ती येईल ना," तो म्हणाला. "आता ती प्रवास करू शकते."

नूरियाने पदरासारखं रुमालाचं टोक डोळ्यांना लावलं आणि म्हणाली, येताना दप्तर घेऊन ये म्हणावं, पट्टा सैल झाला असेल, शिवून देते. प्रोखोर म्हणाला, सांगतो.